मातीतली सायकल शर्यत: विकला जाईल असा फोटो कसा काढायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मातीतल्या, म्हणजे डांबर सोडून चालणाऱ्या सायकल शर्यतीचे फोटो कसे काढायचे ते दाखवलं. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देते. वही घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सांगते. सावंगीत माझं दुकान फोटो प्रिंट, फ्रेम, लॅमिनेशन आणि झेरॉक्सचं आहे. लोक मोबाइलमधले पन्नास फोटो दाखवतात आणि त्यातला एक फ्रेम करायला देतात. तो एक कोणता, हे काउंटरच्या अलीकडून इतकी वर्षं पाहून राहिले आहे मी. माणूस तीन गोष्टी पाहतो. माझा चेहरा दिसतो का? मी काहीतरी अवघड करतोय असं दिसतं का? आणि माझ्या बाजूला दुसराच कुणी जास्त उठून दिसत नाही ना? कॅमेरा कोणता होता, हे आजवर एकानेही विचारलं नाही. म्हणून आजचा धडा कॅमेऱ्यापासून सुरू करत नाही. या तीन प्रश्नांपासून उलटं मागे येऊ.

कोणती शर्यत, ते आधी समजून घ्या

विदर्भात सायकलवाल्यांची कमी नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हापासून तर आपल्याकडे पहाटे हेल्मेट घालून निघणारे डॉक्टर, मास्तर, बँकवाले वाढलेच. पुण्याला जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, परदेशी संघ आले. पण या सगळ्या रस्त्यावरच्या शर्यती. मातीतली शर्यत वेगळी. तिला सायकलही वेगळी लागते, माउंटन बाइक, जाड टायरची. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी आपल्या महाराष्ट्राचं नाव त्याच प्रकारात केलं. शिमल्याकडची ‘एमटीबी हिमालय’ ही या प्रकारातली देशातली नावाजलेली शर्यत. आणि पुण्याजवळच्या सह्याद्रीत ‘एन्ड्युरो३’ होते, त्यात सायकलसोबत डोंगर चढणं आणि पाणी ओलांडणंही असतं.

फोटोग्राफरच्या कामाचे दोन प्रकार ओळखून ठेवा. एक क्रॉस कंट्री. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे तो हा प्रकार. यात साधारण ४ ते ६ किलोमीटरची एक फेरी असते आणि सगळे तीच फेरी पुन्हा पुन्हा मारतात. दुसरा डाउनहिल. यात एकेक जण घड्याळावर सुटतो आणि डोंगर उतरतो.

धंद्याच्या हिशोबाने हा फरक फार मोठा आहे. क्रॉस कंट्रीमध्ये तोच रायडर तुमच्यासमोरून तीन-चार वेळा जातो. पहिल्या फेरीत चुकलात तर दुसरी आहे, आणि प्रत्येक फेरीला जागा बदलता येते. डाउनहिलला संधी एकच. नवीन माणसाने पहिलं काम क्रॉस कंट्रीचंच घ्यावं, असं माझं मत आहे.

जागा: अर्धा फोटो इथेच ठरतो

शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रॅक पायी फिरा. गाडीवर नाही, पायी. आणि शर्यत ज्या वेळेला आहे त्याच वेळेला फिरा, म्हणजे ऊन कुठून पडतं ते कळेल. फिरताना तीन जागा शोधायच्या.

पहिली जागा चढावर, माथ्याच्या जरा अलीकडे. इथे वेग कमी असतो, तोंड उघडं असतं, घाम असतो, मांड्या फुगलेल्या असतात. फोटो काढायला सोपी आणि विकायला सगळ्यात चांगली जागा हीच. नवीन पोरं मात्र इथे थांबत नाहीत, सगळी उडीच्या ठिकाणी पळतात.

दुसरी जागा वळणाची. सायकल वळताना माणूस आत झुकतो आणि नजर पुढच्या रस्त्याकडे, वळण जिथे संपतं तिथे असते. तुम्ही तिथे उभे राहिलात तर चेहरा थेट कॅमेऱ्यात येतो. पण उभं राहायचं ते वळणाच्या आतल्या बाजूला. घसरलेली सायकल बाहेरच्या बाजूला फेकली जाते, तुमच्याकडे नाही. मुरुमावरून टायर सुटला की कुणाच्याच हातात काही राहत नाही. हा नियम फोटोचा नंतर, हाडांचा आधी आहे.

तिसरी जागा उडीची, किंवा दगडावरून उतरण्याची. इथे गुडघ्यावर बसा, जमल्यास पोटावर झोपा. कॅमेरा जितका खाली, तितकी उडी उंच दिसते. फक्त चाकाखालची जमीन फ्रेममध्ये राहू द्या. जमीन कापली तर सायकल उडाली की उभी आहे, हेच कळत नाही.

आता एक रडगाणं मी नेहमी ऐकते: “ताई, चढ तर छाती फुटेल असा होता, फोटोत सपाट दिसतो.” दिसणारच. कॅमेऱ्याला चढ कळत नाही, त्याला तुलना लागते. फ्रेममध्ये सरळ उभं काहीतरी घ्या. सागाचं झाड, खांब, कुंपणाचा दांडा. झाड सरळ आणि सायकल तिरपी दिसली की पाहणाऱ्याला चढ कळतो. म्हणून चढावर कॅमेरा तिरका धरू नका, तो तिरका झाला की झाडही तिरकं होतं आणि सगळा चढ गेला. लांबून झूम करून काढलं तर चढ भिंतीसारखा उभा राहतो, हेही करून बघा.

मागे काय आहे ते पाहा. पार्क केलेल्या मोटारसायकली, पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, पुढाऱ्याचा फ्लेक्स. हे सगळं फोटोत येतं आणि मग तिसऱ्या प्रश्नाला नापास. दोन पावलं सरकलात तर मागे गडद झाडी येते. एकच अपवाद: प्रायोजकाचा बॅनर. आयोजकाला तो हवाच असतो, त्यामुळे शेवटच्या रेषेजवळ तो मुद्दाम घ्या.

शटर स्पीड: हिशोबाने समजू

पाठ करू नका, गणित करा. मातीत सायकल समजा ताशी २० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात सायकल साडेपाच मिलिमीटर सरकते. १/२५० ठेवलं तर २२ मिलिमीटर. १/६० ला जवळपास ९ सेंटिमीटर.

सायकल बाजूने आडवी जात असेल तर हे सरकणं पूर्णच्या पूर्ण फोटोत येतं. सरळ तुमच्या अंगावर येत असेल तर फार कमी जाणवतं. म्हणून समोरून येणाऱ्याला चढावर १/३२० ते १/५०० पुरतं, उतारावर आणि उडीला १/१००० किंवा त्याहून जास्त.

मग कायम १/२००० ठेवून मोकळं का होत नाही? एक तर प्रकाश कमी पडतो, आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटो दाणेदार होतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फार वेगवान शटरने चाकाच्या तारासुद्धा गोठतात आणि सायकल स्टँडवर लावल्यासारखी दिसते. धावत्या चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. शटर थोडं कमी केलं की चेहरा स्पष्ट राहतो आणि तारा पुसट होतात. तो पुसटपणा म्हणजेच वेग. गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही, पण फोटो हातात घेतल्यावर जाणवतं त्याला.

याच्याच पुढची पायरी म्हणजे पॅनिंग. शटर १/६० वर आणायचं, पाय रोवून उभं राहायचं, कोपर पोटाला टेकवायचे आणि कंबरेतून वळत सायकलसोबत कॅमेरा फिरवायचा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. रायडर स्पष्ट येतो, मागची झाडं रेघांसारखी होतात. सुरुवातीला दहातले आठ-नऊ फोटो जातील. जाऊ द्या. १/१२५ पासून सुरू करा, जमलं की खाली या. खडबडीत वाटेवर सायकल वर-खाली उसळते, तिथे पॅनिंग जमत नाही. त्यासाठी सपाट पट्टा निवडा.

फोकस आणि बर्स्ट

फोकस कायम चालू राहणाऱ्या मोडवर ठेवा. निकॉन, सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एआय सर्व्हो. जुना कॅमेरा असेल आणि फोकस मागे पडत असेल, तर जुनी युक्ती वापरा: सायकल जिथून जाणार त्या दगडावर आधीच फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका आणि चाक दगडावर आलं की दाबा. एफ/८ ठेवलं तर थोडंफार मागेपुढे झालेलं खपून जातं. ही युक्ती साध्या ५५-२५० लेन्सनेही चालते.

बर्स्टवर भरवसा कमी ठेवा. कॅमेरा सेकंदाला ५ फोटो काढत असेल तर ताशी २० च्या सायकलवर दोन फोटोंच्या मधे एक मीटरहून जास्त अंतर जातं. नेमका उडीचा माथा त्या मधल्या जागेतच हरवतो. क्षण ओळखून दाबा, मग दोन-तीन फोटो पुढे जाऊ द्या.

आणि याचा खर्च रात्री कळतो. समजा १२० रायडर, ४ फेऱ्या, प्रत्येक वेळी ८ फोटो. झाले ३,८४०. प्रत्येकावर ३ सेकंद नजर टाकली तरी तीन तासांच्या वर गेले, आणि अजून एकही फोटो सुधारलेला नाही. तेच ८ ऐवजी ३ काढले तर १,४४० फोटो, सव्वा तासात छाननी. फोटो त्याच रात्री देणं हा या धंद्याचा प्राण आहे. रविवारी रात्री रायडरच्या अंगात शर्यत असते. बुधवारपर्यंत तो ऑफिसमध्ये असतो, फोटोबिटो विसरून.

ऊन, धूळ, काळी माती

आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नऊ-दहाच्या पुढे हेल्मेटची सावली नाकापर्यंत येते आणि डोळे गायब होतात. पहिल्या प्रश्नातच नापास. चढाची जागा सकाळी लवकर घ्या. नंतर झाडाच्या सावलीत, सगळीकडे सारखा प्रकाश असेल अशा ठिकाणी सरका. पानांतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी पडतं ती जागा टाळा, चेहऱ्यावर डाग दिसतात. फ्लॅश वापरायचा तर चढावरच, उतारावरून येणाऱ्याच्या डोळ्यांत कधीही नाही. आणि साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या वर चालत नाही हे लक्षात असू द्या.

मातीत लेन्स बदलू नका. एका कॅमेऱ्याला एक लेन्स, सकाळी लावली ती दुपारी घरी काढायची. कॅमेऱ्याला दुधाच्या पिशवीएवढी जाड प्लास्टिकची पिशवी कापून घाला, रबराने बांधा. धूळ उडाली की खुश व्हा, मागून ऊन असेल तर धुळीसारखी सजावट दुसरी नाही.

नंबर नाही तर पैसे नाहीत

माउंटन बाइकचा नंबर हँडलवर, समोर लावलेला असतो. पॅनिंगचा तुमचा सुंदर फोटो बाजूने काढलेला, त्यात नंबरच नाही. मग १२० हेल्मेटमधून तो माणूस कोण, हे रात्री शोधणार कसं? म्हणून सवय लावा: तो येताना समोरून एक फोटो नंबरसाठी, मग बाजूने हवा तसा. दोन्ही फोटो ओळीने असले की ओळख आपोआप लागते. चिखलाने नंबर झाकले गेले तर जर्सीचा रंग वहीत लिहायला एक मदतनीस सोबत ठेवा.

आता पैशाचं बोलू

माझ्या बॅचमध्ये देवळीकडचा एक मुलगा आहे. लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम करतो, हात चांगला आहे. लग्नं नसतात त्या महिन्यांत काय करायचं म्हणून शर्यतीच्या फोटोंचा विचार त्याच्या डोक्यात आला. मला म्हणाला, “ताई, दीड लाखाचा कॅमेरा पाहून ठेवला आहे. आईच्या बचत गटातून काही उचलतो, बाकी हप्ते. घेऊन टाकू का?”

आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. समजा १२० रायडर, त्यातल्या चौघांमागे एकाने फोटो घेतले, १५० रुपयांना. ३० गिऱ्हाइकं, ४,५०० रुपये. खर्च: लेन्सचं भाडं १,२००, पेट्रोल-जेवण ८००, मदतनीस ७००. उरले १,८००, तेही दोन दिवसांच्या कामाचे. दीड लाख दोन वर्षांत फेडायचे म्हटले, तर व्याज सोडून दिलं तरी महिन्याला ६,२५०. म्हणजे दर महिन्याला साडेतीन शर्यती हव्यात. बारा महिने. वर्ध्यातून निघून पोचता येईल अशा तेवढ्या शर्यती आहेत कुठे?

पोरगा गप्प झाला. बचत गटाचा हप्ता चुकला तर आईला बाकीच्या बायांसमोर मान खाली घालावी लागते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पण हिशोब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो. आयोजकाकडून ठरलेली रक्कम घ्या, समजा ५,०००, त्याबदल्यात त्याला बॅनर, बक्षीस समारंभ आणि विजेत्यांचे ४० फोटो. रायडरना विकणं वरचं. आता त्याच कामात ६,८०० उरतात. कॅमेरा भाड्याचा घेतला तरी परवडतं. म्हणून माझं स्पष्ट मत: आयोजकाचे पैसे ठरल्याशिवाय उपकरण विकत घेऊ नका. “फोटो विका आणि कमवा, आम्ही काही देणार नाही” असं म्हणणारा आयोजक सगळी जोखीम तुमच्या डोक्यावर ठेवतो आहे. शिकायला म्हणून अशी एखादी शर्यत करा, पण कर्ज काढून नाही.

करार लिहून घ्या, एक पान पुरे. कारण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला, तर वेगळं ठरलेलं नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे आयोजकाने ५,००० दिले आणि तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही, तर रायडरना फोटो विकायचा तुमचा हक्कच वादात येतो. एवढं एक वाक्य हवं: “छायाचित्रांचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील, आयोजकास प्रसिद्धीसाठी वापरता येतील.” लहान मुलांच्या गटाचे फोटो असतील तर पालकांना विचारल्याशिवाय सोशल मीडियावर टाकू नका.

सराव कुठे करायचा?

माउंटन बाइकची शर्यत रोज कुठे सापडणार? पॅनिंगचा सराव शाळा सुटल्यावर सायकलवर घरी जाणाऱ्या ओळखीच्या पोरांवर करा, त्यांना सांगून. खडबडीत जागेसाठी गावाबाहेरचा पांदण रस्ता आहेच. दोन मित्र, दोन सायकली, एक सकाळ.

आणि हिवाळ्यात शंकरपट. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून पट पुन्हा मोकळेपणाने भरू लागले. तळेगाव दशासरचा पट तर वर्ध्यापासून लांब नाही. जोडी काही सेकंदांत निघून जाते. माती, धूळ, वेग, समोरून येणारं अंगावरचं काम, सगळं तेच. फक्त कठड्याच्या बाहेर राहा, बैल कुणीकडे वळेल ते धुरकऱ्यालाही सांगता येत नाही.

देवळीच्या पोराने तेच केलं. कॅमेरा मालकाचा, लेन्स भाड्याची. धुरकरी वाकलेला, दोन्ही बैलांचे पाय हवेत आणि मागे धुळीचा लोट, असा एक फोटो त्याला मिळाला. बैलमालकाने तो माझ्याच दुकानात १२ बाय १८ मध्ये काढून फ्रेम करून नेला, आणि भावासाठी अजून एक सांगितला. कॅमेऱ्याचं अजून ठरलेलं नाही. सध्या एका सायकल क्लबशी ठरलेल्या रकमेचं बोलणं चालू आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: एकाच सायकलचे, एकाच जागेवरून १/१०००, १/२५० आणि १/६० असे तीन फोटो काढा. ते सायकल चालवणाऱ्यालाच दाखवा आणि त्याला कोणता घरी न्यायचा आहे ते विचारा. तीन फोटो आणि त्याचं उत्तर व्हिडिओखाली टाका. पुढच्या भागात आयोजकाला दर सांगताना काय बोलायचं ते घेऊ.